रेजिनाचा रेफरन्स

आमच्या घरात कोणतीही गोष्ट फाइलशिवाय होत नाही. शशिकांत एकतीस वर्षं टेलिकॉममध्ये इंजिनियर होते. ऑटव्याजवळच्या कनाटातल्या या घराच्या पाण्याच्या हीटरपासून माझ्या अक्कलदाढेपर्यंत सगळ्याची त्यांनी फाइल केलेली आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरात ड्राइव्हवे शोव्हल करता करता ते मटकन बर्फात बसले. स्ट्रोक आला आणि उजवा हात व निम्मं बोलणं घेऊन गेला. तेव्हा मला कळलं की त्या फायली कशा लावल्यात हे मला माहीतच नाही. नवरा विचारता येण्याजोगा असतो तोवर आपण कशाला बघतो?

रिहॅबमधून त्यांना घरी सोडताना तिथल्या कोऑर्डिनेटर बाईंनी फार गोड आवाजात मला दोन वाटा सांगितल्या. एक तर घरात चोवीस तास कुणीतरी हवं, नाहीतर नर्सिंग होम. ज्या नर्सिंग होममध्ये जागा मिळण्यासारखी होती ते दीड तासावर होतं. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, माझे गुडघे माझ्याहून थोरले आहेत, आणि विंटर टायर लावले तरी हायवेवर गाडी घालायची माझी छाती होत नाही. म्हणजे हे तिकडे, मी इकडे, आणि कुणी नेईल तेव्हा गाठभेट. त्रेपन्न वर्षं ज्या माणसाशी मी रोज उठून भांडले, त्याच्याशी भांडायला आता मला कुणाची तरी गाडी लागणार होती. ते मला नको होतं. दुसरं काही मी मागत नव्हते, शशिकांत या घरात राहायला हवे होते.

आमचा मुलगा देवदत्त टोरोंटोला बँकेत असतो. बँकेत काय करतोस असं विचारलं की एका शब्दात सांगतो, "रिस्क." बँकेने त्याला सप्टेंबरपर्यंत आमच्या बेसमेंटमधून काम करायची मुभा दिली. सप्टेंबरच्या आत राहायला येणारं माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर ते नर्सिंग होम. इथलं माणूस मिळेना. जी मिळाली ती राहायला तयार नव्हती, आणि जी एक तयार झाली तिला आमच्या फोडणीच्या वासाने डोकं दुखायचं. मग ठरलं की भारतातून किंवा आणखी कुठून मराठी बाई आणायची.

ठरलं म्हणताच देवदत्तने लॅपटॉपवर एक तक्ता केला. "आई, परदेशातून माणूस हायर करणं इज नॉट अ जोक. फॅमिलीला खूप रिस्क असते." तक्त्यात लाल, पिवळ्या आणि हिरव्या ओळी होत्या. एजंट खोटा निघणं, अनुभवाचे दाखले खोटे असणं, बाबांना उचलता न येणं, चोरी, भांडण. सगळ्यात वर, सगळ्यात लाल ओळ होती ती म्हणजे इथे कायम राहायचे कागद झाले की सोडून जाणं. त्यापुढे पुरावा म्हणून त्याने एकच नाव लिहिलं होतं, रेजिना.

ही रेजिनाची गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलेय. देवदत्त तीन वर्षांचा असताना आम्ही वसईहून रेजिनाला आणलं होतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट, हे ऑफिसात, मुलाकडे बघायला कुणीतरी हवंच होतं. रेजिना अठ्ठावीस वर्षांची, हसरी, हाताला चव असलेली. आम्ही तिला घरातलीच मानलं. आणि दोन वर्षं पुरी झाली, कागद हातात पडले, तशी एका रविवारी घरात वीस पाहुणे असताना ती न सांगता पळाली. इथल्या मराठी मंडळात कुणी बाई ठेवायचा विषय काढला की लोकच म्हणायचे, "चित्रावहिनी, ती रेजिनाची गोष्ट सांगा." मी सांगायचे. रंगवून सांगायचे. शशिकांत तेवढ्यात नेमके चहाचे कप गोळा करायला उठायचे.

पहिला एजंट आपल्यातलाच निघाला, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. त्याने तीन बायकांची माहिती पाठवली. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघितल्यात. सोलापूरच्या बाईच्या आणि इंदूरच्या बाईच्या पाठीमागे एकच कॅलेंडर होतं आणि दोघींच्या डाव्या भुवईवर एकच तीळ होता. देवदत्तने तक्त्यातली पिवळी ओळ लाल केली आणि मला म्हणाला, "गुड कॅच, आई." लहानपणी मी त्याला म्हणायचे तशा सुरात म्हणाला. मला राग आला, पण बरंही वाटलं.

शेवटी आमची ऑटव्यातली शोभा उपयोगी पडली. शोभाला दोन हजार माणसांचे फोन नंबर आणि चार हजार माणसांच्या भानगडी माहीत असतात. तिने मस्कतमधल्या स्वप्नालीचा नंबर दिला. स्वप्नाली मूळची मिरजेची, नर्सिंगचा कोर्स केलेली, चौतीस वर्षांची. मस्कतला एका म्हाताऱ्या बाईंना तिने पाच वर्षं सांभाळलं होतं आणि त्या बाई नुकत्याच गेल्या होत्या.

एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. मी वर सिल्कची साडी खांद्यावरून घेतली आणि खाली घरातली पँटच ठेवली. देवदत्तने बाबांची दाढी केली आणि त्यांना मधोमध बसवलं. पोहे तेवढे राहिले होते, बाकी सगळा मुलगी बघायचा थाट होता. मी विचारलं, भाकरी येते का. येते म्हणाली. ऐंशी किलोच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घेशील, तर तिने उठून उशीला मिठी मारून दाखवलं. मग देवदत्तने आपलं ठेवणीतलं काढलं. "व्हेअर डू यू सी युअरसेल्फ इन फाइव्ह इयर्स?"

स्वप्नालीने जरा विचार केला. "पाच वर्षांनी? ते काका कुठे असतील त्यावर आहे ना, सर."

नोव्हेंबरनंतर शशिकांत पहिल्यांदा हसले. अर्ध्याच तोंडाने हसले, पण खांदे हलेपर्यंत हसले. मी मनात तेव्हाच मुलगी पसंत केली.

"झालं तुमचं?" स्वप्नाली म्हणाली. "मग मी विचारते." आणि तिने एक वही काढली.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. मुलीकडून वही निघेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

"माझा पासपोर्ट कुणाकडे राहील?"

"ऑब्व्हियसली तुमच्याकडे," देवदत्त म्हणाला. मी पदर सारखा केला.

"खोलीला आतून कडी आहे?"

"बसवून घेऊ."

"सुट्टी कधी?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी प्रेमाने म्हटलं, "अगं, तू काय परकी का? आमच्या घरातलीच असशील."

स्वप्नालीने वहीत काहीतरी लिहिलं. "म्हणजे सुट्टी नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बीपी लिहून घेतात तसं तिने ते लिहून घेतलं. "काकू, मस्कतलाही मी घरातलीच होते. पाच वर्षांत एकदा मिरजेला गेले, तेही वडील गेल्यावर. माझ्याबद्दल तुम्ही मस्कतला फोन करून विचारा, नंबर देते. पण तुमच्याबद्दल मी कुणाला विचारू? तुमच्याकडे याआधी कुणी राहिलंय का?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात माझ्या रिस्कवाल्या मुलाने तोंड उघडलं. "येस! रेजिना. शी वॉज लाइक फॅमिली."

"मग त्यांचा नंबर द्या," स्वप्नाली म्हणाली. "त्यांच्याशी बोलून सांगते."

कॉल संपल्यावर मी देवदत्तला जे बोलले ते इथे लिहीत नाही. जी बाई पळून गेली तिच्याकडे जाऊन आम्ही चांगले आहोत असा दाखला मागायचा! पण फेब्रुवारी सरत आला होता, कागदपत्रांना महिने लागणार होते, आणि स्वप्नालीसारखी दुसरी कुणी समोर नव्हती. मी शोभाला फोन लावला. शोभाने वसईकरांच्या कुठल्याशा ग्रुपवर चौकशी केली आणि दोन दिवसांत नंबर आला. रेजिना हॅलिफॅक्सला होती. तिथल्या एका हॉस्पिटलच्या किचनमधून निवृत्त झाली होती आणि फेरीबोटीने खाडीपलीकडे नातवंडांकडे जा-ये करायची. चाळीस वर्षं ती याच देशात होती. मला शोधायला दोन दिवस लागले, कारण त्याआधी मी कधी शोधलंच नव्हतं.

फोन करण्यापूर्वी मी दोनदा पाणी प्यायले.

"बाई?" ती म्हणाली. "कनाटाच्या बाई? देवबाबा कसा आहे?"

"टक्कल पडलंय त्याला."

"अरे देवा!" आणि तीच जुनी, पोटातून येणारी हसण्याची उकळी. साहेबांबद्दल सांगितलं तेव्हा मात्र ती हसायची थांबली आणि कुठला हात गेला ते विचारलं. मी सगळं सांगितलं. नर्सिंग होम, सप्टेंबर, स्वप्नाली, वही.

"म्हणजे तुम्हाला माझा रेफरन्स पाहिजे?" रेजिना म्हणाली. "गंमत आहे हां, बाई."

मला खोकला आला. मग इतकी वर्षं जे मंडळातल्या सगळ्यांना विचारत होते ते मी पहिल्यांदा तिला विचारलं. "तू अशी न सांगता का गं गेलीस?"

"साहेबांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"काय?"

"त्यांनीच सोडलं की मला बसस्टँडवर. पासपोर्ट पण त्यांनीच कपाटातून काढून दिला. मी तुमच्याकडे दोनदा मागितला होता. तुम्ही म्हणालात, सांभाळून ठेवलाय, तुला कशाला हवाय? साहेबांनी तर रेफरन्सचं पत्रही टाइप करून दिलं होतं. त्याच्यावर इथे पहिली नोकरी लागली. अजून आहे माझ्याकडे."

रेजिना बोलत होती आणि तिच्या बोलण्यात मला कुठेही तक्रार सापडेना. तेच जास्त लागत होतं.

"तुम्ही वाईट नव्हता हो, बाई. देवबाबाला ताप आला की तुम्ही माझ्यासाठी पण सूप करायचा. मला स्वेटर तुम्ही विणलात. पण रविवार नव्हता. बाकी सगळ्यांना असायचा, तुमच्या पाहुण्यांना असायचा. रविवारीच तुमचं मंडळ, तुमचं हळदीकुंकू, तुमचा गाण्याचा कार्यक्रम. दोन वर्षांत मी सहा वेळा चर्चमध्ये मिस्साला गेले, नाताळ धरून."

"मला वाटायचं, तुला घरात माणसं आली की आवडतं."

"आवडायचं ना. मी पण एखाद्या घरी माणूस म्हणून गेले असते तर आणखी आवडलं असतं."

मग ती म्हणाली, "त्या मुलीला मी खरं काय ते सांगणार, बाई. खोटं नाही सांगणार."

"खरंच सांग," मी म्हटलं. हे म्हणायला फार धैर्य लागलं असं मला वाटायला हवं होतं, पण खरं म्हणजे दुसरा इलाजच नव्हता.

फोन ठेवून मी तडक शशिकांतांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. तो रविवार मला लख्ख आठवत होता. गाणं रंगात आलेलं असताना हे उठून "दूध संपलंय, दूध आणतो" म्हणून गेले होते. परत यायला पाऊण तास लागला होता. आणि आले तेव्हा हातात दूध नव्हतं! मीही अशी की दूध कुठाय म्हणून ओरडले, माणूस कुठे गेला होता ते विचारलं नाही.

"तुम्ही रेजिनाला बसस्टँडवर सोडलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत चोरी पकडल्याचा भाव होता, पण पश्चात्ताप औषधालाही नव्हता. "हो."

"चाळीस वर्षं मी जगाला सांगत फिरले की ती पळाली, आणि तुम्ही कप गोळा करत होतात? मला का नाही सांगितलंत?"

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. मी थांबले. त्यांनी तीन शब्द एकेक करून बाहेर काढले.

"तू... विचारलं... नाहीस."

मी चिडून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना सगळे डबे पुसून काढले. डबे पुसताना रडले, तेही सांगून टाकते.

देवदत्तला सगळं सांगितल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. मग त्याने ती सगळ्यात वरची लाल ओळ पुसली आणि तिथे नवी ओळ लिहिली. 'एम्प्लॉयर: आई.' रंग लालच ठेवला. पोटचा मुलगा आहे म्हणून सोडून दिलं.

चार दिवस स्वप्नालीचा पत्ता नव्हता. त्या चार दिवसांत कोऑर्डिनेटर बाईंचा फोन येऊन गेला. जागा धरून ठेवायची की नाही? मी म्हटलं, आठवडाभर थांबा. शशिकांत खिडकीशी बसून पक्ष्यांचा डबा बघत होते. डब्यातले दाणे संपले होते आणि ते भरायला हवेत हे त्यांना म्हणता येत नव्हतं, नुसतं बोट दाखवत होते. दीड तासावरच्या त्या जागेत त्यांच्या बोटाकडे कोण बघणार होतं?

पाचव्या दिवशी सकाळी स्वप्नालीचा फोन आला. मी एकटीच होते आणि पदर वगैरे घ्यायचं सुचलं नाही.

"काकू, रेजिनामावशींशी बोलले. पाऊण तास बोलल्या."

"काय म्हणाल्या?"

"तुम्ही जीव लावता म्हणाल्या. साहेब देवमाणूस म्हणाल्या. रविवारचं सांगितलं. पासपोर्टचं सांगितलं." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "आणि म्हणाल्या, मी न सांगता गेले नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगायला आल्या होत्या त्या. त्याच रविवारी. संध्याकाळची बस होती. तुम्ही पुऱ्या तळत होता. त्या म्हणाल्या, बाई, मला एक सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, आधी एवढ्या पुऱ्या लाटून घे, मग बोलू. त्यांनी सगळ्या लाटल्या. मग तुम्ही बाहेर गाण्याला जाऊन बसलात. त्या दाराशी उभ्या होत्या बसची वेळ होईपर्यंत. तुमचं 'मग' काही आलंच नाही."

मला पुऱ्या आठवल्या. अगदी त्याच पुऱ्या. टम्म फुगल्या होत्या आणि सगळ्यांनी माझी तारीफ केली होती. लाटणारीचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला. पीठ लागलेले हात आठवले, चेहरा आठवला नाही.

"काकू, आहात ना?"

"आहे."

"बाकी सगळं कागदावर लिहून घेऊ. तास, रविवार, खोलीची कडी, सगळं. ते मला जमतं आता. पण एक गोष्ट कागदावर येत नाही, म्हणून विचारते." तिचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. मलाच नाही तर तिलाही भीती वाटत होती, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपली माणसं मागे ठेवून, कुठल्या कोण अनोळखी घरात, अर्ध्या जगापलीकडे यायचं होतं तिला. "मी काही सांगायला आले, तर तुम्ही गॅस बंद कराल का?"

आमच्याकडे गॅस नाही, विजेचा स्टोव्ह आहे. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"करेन," मी म्हटलं.

"मग येते," स्वप्नाली म्हणाली.

त्याच दिवशी मी रेजिनाला फोन केला आणि माफी मागितली. रंगवून नाही, चार शब्दांत. ती म्हणाली, "असू दे हो, बाई. पुऱ्या छान झाल्या होत्या ना?" नंतर मी शोभालाही सांगितलं की रेजिनाची गोष्ट मी इतकी वर्षं चुकीची सांगत होते, आणि बरोबर गोष्ट काय ती. शोभाला सांगितलं म्हणजे मंडळाला वेगळं सांगावं लागत नाही.

कागद मिळायला सप्टेंबर उजाडला. स्वप्नाली आली, आमच्या फायली बघून हसली, आणि स्वतःच्या नावाची एक फाइल मागून घेऊन पासपोर्टसकट आपल्या खोलीत घेऊन गेली. दर रविवारी सकाळी तासाभरासाठी एक इथली मदतनीस येते, बाकीचा दिवस मी आणि कधी टोरोंटोहून आला तर देवदत्त सांभाळून घेतो. जमतं. पाहुणे आता शनिवारी बोलावते, आणि पुऱ्या विकतच्या आणते.

ऑक्टोबरातला दुसरा की तिसरा रविवार. मी पोळ्या करत होते. तव्यावर पोळी नुकतीच फुगायला लागली होती, आणि स्वप्नाली दाराशी आली.

"काकू, एक सांगायचं होतं."

मी स्टोव्ह बंद केला, तवा बाजूला ओढला, हात पुसले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "सांग."

माझा चेहरा बघून ती बिचारीच घाबरली. "अहो, काही नाही. मी काकांना चहा द्यायला गेले, तर ते मला बाहेर काढतायत. म्हणतात, रविवार... तू... इथे? मला बसस्टॉपवर सोडायला निघालेत."

मी उठून हॉलमध्ये डोकावले. शशिकांत एका बाहीत कोट घालून, दुसरी बाही लोंबत सोडून, डाव्या हाताने वॉकर धरून दाराशी उभे होते. माझ्याकडे बघून ते अर्ध्या तोंडाने हसले.

"दूध," ते म्हणाले, "आणतो."